अवघड जागेचं दुखणं : नस, स्नायू की खुबा?

बसवेना

हा आयडी खास या धाग्यासाठी काढलाय. जुन्या आयडीला इथले बरेच जण प्रत्यक्ष ओळखतात आणि दुखतंय ती जागा चारचौघांत सांगण्यासारखी नाही.

दोन वर्षं आठ महिने झाले. डाव्या बाजूला, बसताना टेकतं त्या हाडाच्या आतल्या अंगाला दुखणं सुरू होतं आणि पुढे योनीमार्गाच्या कडेपर्यंत जातं. जळजळ, मधूनच सणसणीत कळ, आणि सतत असं वाटतं की आपण एका लहान चेंडूवर बसलोय. उभी राहिले की निम्मं होतं, आडवी झाले की जवळपास जातं. रात्री दुखण्याने जाग येत नाही. गंमत म्हणजे कमोडवर बसून काही होत नाही, पण साध्या खुर्चीवर २० मिनिटांत आग पेटते.

स्त्रीरोगतज्ज्ञ झाले, मूत्ररोगतज्ज्ञ झाले, कंबरेचा एमआरआय झाला (वयोमानानुसार, म्हणे). शेवटी वेदनातज्ज्ञांनी नाव दिलं : प्युडेंडल न्यूराल्जिया, म्हणजे या भागात येणाऱ्या प्युडेंडल नसेचं दुखणं. प्रेगाबालिन या नसेच्या वेदनेवरच्या गोळीने थोडं कमी झालं, पण दिवसभर डोकं जड. नसेजवळ एक इंजेक्शन दिलं. पाच दिवस स्वर्ग, सहाव्या दिवशी पुन्हा जमिनीवर.

गेल्या महिन्यात नव्या फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी उताणं झोपवलं, डावा गुडघा पोटाकडे आणला, मग उजव्या खांद्याच्या दिशेने नेला आणि पाऊल बाहेर वळवलं. जांघेत अशी चिमट बसली की मी ओरडलेच. नंतर बैठकीच्या हाडाच्या आतल्या कडेला बाहेरूनच बोट ठेवून म्हणाल्या, "आता गुडघा बाहेर ढकला, मी अडवते." बोटाखाली काहीतरी टणक उठलं आणि माझं ते नेहमीचं दुखणं, अगदी तेच, पुढपर्यंत गेलं. अडीच वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याला बाहेरून हात लावला होता.

त्या म्हणतात, खुबा तपासून घ्या. वेदनातज्ज्ञ म्हणतात, खुब्याचा याच्याशी संबंध नाही. प्रश्न असा : नसच बिघडलीय, की स्नायू आवळून नसेला त्रास देतोय, की खुबा दुखतोय म्हणून स्नायू आवळतोय? कोणी या वाटेने गेलंय का?

आळशी अजगर

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर! माझा जावई खरंच डॉक्टर आहे. डोळ्यांचा. त्यामुळे वाचलो.

गंमत बाजूला, आयडी झकास आहे. काळजी घ्या. मला यातलं काही कळत नाही, पण वाचतोय.

चौकस

एक बाळबोध शंका. "नस" म्हणजे रक्तवाहिनी ना? मग दुखते कशी?

तळपाय

@चौकस, बोलीत नस दोन्हीला म्हणतात, त्यातून हा घोळ होतो. इथे मज्जातंतू. "नस दबली" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तोच अर्थ असतो.

@बसवेना, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे निदान करणार नाही, पण नकाशा समजावून सांगते. तो कळला की तुमच्या फिजिओ खुब्याकडे का गेल्या ते कळेल.

प्युडेंडल मज्जातंतू माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतून, दुसऱ्या ते चौथ्या पातळीवरून निघतो. कुल्ल्यातल्या पिरिफॉर्मिस स्नायूच्या खालून तो ओटीपोटाच्या बाहेर पडतो, दोन अस्थिबंधांच्या चिमट्यातून एका हाडाच्या टोकाला वळसा घालतो आणि लगेच पुन्हा आत शिरतो. पुढचा प्रवास एका बोगद्यातून होतो, ज्याला अल्कॉकचा बोगदा म्हणतात. बेंजामिन अल्कॉक या आयरिश शरीररचनातज्ज्ञाने १८३६ साली तो वर्णिला. आता मुद्द्याचं : हा बोगदा हाडात कोरलेला नाही. ऑब्ट्युरेटर इंटर्नस नावाच्या स्नायूवर जे आवरण असतं, त्याच आवरणाच्या घडीत तो आहे. म्हणजे बोगद्याची भिंत म्हणजे तो स्नायूच.

आणि हा स्नायू कोणाचा? खुब्याचा. ओटीपोटाच्या हाडाच्या आतल्या बाजूला सुरू होतो, बैठकीच्या हाडाच्या वर जवळजवळ काटकोनात वळून बाहेर येतो आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्याला चिकटतो. पाय सरळ असताना मांडी बाहेर फिरवणं आणि खुबा दुमडलेला असताना गुडघा बाहेर नेणं हे त्याचं काम. म्हणूनच "गुडघा ढकला" म्हटल्यावर तुमच्या बोटाखाली, म्हणजे त्यांच्या बोटाखाली, टणक उठलं. त्यात भर म्हणजे ओटीपोटाचा तळ सावरणाऱ्या स्नायूंचा एक भाग याच आवरणाच्या एका जाड पट्टीला लटकलेला असतो. खुब्याचे स्नायू आणि तळाचे स्नायू भाऊबंद आहेत. एक ताणला की दुसऱ्याला खबर जाते.

तेव्हा "खुब्याचा संबंध नाही" हे वाक्य मला तरी पटत नाही. संबंध *आहे*. तुमच्या दुखण्यात तो किती, हा खरा प्रश्न.

रानजाई

+१. मला पण अडीच वर्षं. फरक एवढाच की मला सगळ्यांनी आकुंचनाचे व्यायाम दिले. केगल. दिवसातून तीनदा, दहा-दहा सेकंद आवळून धरा. बाळंतपणानंतर सैल पडतात ना, म्हणून. मी इमानदारीत केले, आणि प्रत्येक आठवड्यात दुखणं वाढत गेलं. "अजून नियमित करा," असं उत्तर.

नंतर एका ताईंनी आतून तपासलं तेव्हा कळलं की माझे स्नायू सैल नव्हतेच, मुठीसारखे आवळलेले होते. आवळलेल्या मुठीला अजून आवळायला सांगत होते! मला उलटं शिकावं लागलं : श्वास घेताना पोट आणि बरगड्या फुगू द्यायच्या, छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा खाली उतरतो तसा ओटीपोटाचा तळही खाली सुटू द्यायचा. वाचायला सोपं वाटतं. मला "सुटणं" म्हणजे काय हे कळायला सहा आठवडे लागले.

सायकलवेडा

माझा अनुभव साधा आहे, पण उपयोगी पडेल. लांब पल्ल्याची सायकल चालवायचो. आधी बधिरपणा यायचा, मी दुर्लक्ष केलं. मग जळजळ. सीटचं नाक किंचित खाली केलं, बैठकीच्या हाडांच्या रुंदीची सीट घेतली, सहा आठवडे सायकल बंद ठेवली. गेलं.

बधिरपणा आला की उतरायचं, एवढंच कळलं असतं तर सहा आठवडे वाचले असते.

शंकासुर

विरोधी सूर लावतो, माफी असावी.

तळपाय यांचा नकाशा बरोबर आहे. पण नकाशावर दोन गावं शेजारी आहेत म्हणून एका गावची चोरी दुसऱ्याने केली असं होत नाही. खुब्याचा एमआरआय केला की काहीतरी निघतंच. खुब्याच्या खोबणीच्या कडेला लॅब्रम नावाची कूर्चेची कडा असते. तिला चीर पडलेली असते आणि दुखत काहीच नाही, अशी माणसं भरपूर आहेत. मांडीच्या हाडाच्या मानेवर जास्तीचा उंचवटा असणाऱ्यांचंही तेच. मग अहवालात "चीर" शब्द दिसला की माणूस घाबरतो आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचतो.

२०१६ साली वॉरिकमध्ये तज्ज्ञांचं एकमत झालं, ते हेच सांगतं : खुब्यात हाडं अडकण्याचा आजार म्हणायचा तर तक्रार, तपासणीतली चिन्हं आणि चित्र तिन्ही जुळायला हवीत. नुसतं चित्र नको.

आणि धागाकर्तीच्या तक्रारी बघा. बसल्यावर वाढतं, रात्री उठवत नाही, नसेच्या टापूतच आहे, इंजेक्शनने थांबलं. नसेच्या आजाराचे जे नांत निकष आहेत, २००८ चे, त्या पाचांतले चार इथे बसतात. पाचवा म्हणजे तपासणीत बधिरपणा न सापडणं. मग खुबा कशाला हवाय?

तळपाय

@शंकासुर, वॉरिकबद्दल शंभर टक्के सहमत. म्हणूनच चित्राआधी तपासणी. त्यांना जांघेत चिमट बसली ती तपासणी आहे, चित्र नाही. तीही एकटी पुरेशी नाही. ही चाचणी बऱ्याच जणांना दुखते.

पण इंजेक्शनच्या बाबतीत गल्लत होतेय. नसेभोवती बधिर केलं आणि दुखणं थांबलं, याचा अर्थ दुखणं त्या नसेतून वर जातंय एवढाच. नस *का* चिडली ते इंजेक्शन सांगत नाही. फोनची तार कापली की तक्रार थांबते, तक्रार करणारा घरात तसाच असतो. शिवाय सुई बोगद्यात टाकली तर औषध त्या स्नायूलाही लागतंच.

नांत निकष नस अडकल्याची शक्यता कुठे जास्त ते ठरवतात. कारण स्नायू आहे की अस्थिबंध की व्रण, हे त्यांचं काम नाही.

शंकासुर

तारेचं उदाहरण मान्य. चोरी अजून सिद्ध झालेली नाही.

काठावरचा

आयडी का घेतलाय ते आता कळलं असेल. सात वर्षं खुर्चीच्या काठावर, एका बाजूवर बसून काढली.

पुरुषांसाठी लिहितो, कारण आम्ही बोलत नाही. मला "प्रोस्टेटला सूज" सांगितलं. अँटिबायोटिक्सचे पाच कोर्स. प्रत्येक वेळी लघवीच्या तपासणीत जंतू शून्य, आणि प्रत्येक वेळी "तरी देऊन बघू". नंतर वाचलं की जुनाट प्रोस्टेटायटिस म्हणून जी माणसं येतात त्यांतल्या बहुसंख्यांना जंतुसंसर्ग नसतोच. त्याला आता जुनाट ओटीपोट वेदना असं वेगळं नाव आहे आणि त्यात बऱ्याच जणांचे तळाचे स्नायू आवळलेले सापडतात.

माझं मूळ व्यायामशाळेत निघालं. भारी वजन घेऊन खोल बैठका मारायचो, उठताना श्वास कोंडून खाली जोर. त्यातून बद्धकोष्ठ, म्हणजे तिथेही जोर. जोर केला की तळ खाली जातो आणि त्याच्यासोबत नस ताणली जाते. ते बंद केलं, पाय उंच ठेवून बसायला लागलो (कुठे ते समजून घ्या), आणि वर्षभरात ७०-८० टक्के फरक. खुबा कोणी तपासला नाही. आता वाटतं, तपासायला हवा होता.

आळशी अजगर

सात वर्षं काठावर! आमच्या पिढीत याला सरकारी नोकरी म्हणायचे.

काठावरचा

@अजगर 😄 हसलो, तेही दुखलं.

चौकस

उशी घ्यायची असेल तर मधे भोक असलेली की पुढून कापलेली?

रानजाई

माझ्याकडे चार आहेत, एकीचाही संसार सुखाचा नाही. गोल भोकाच्या उशीत मधला भाग लोंबकळतो, मला त्याने उलट ओढ बसायची. दोन्ही बैठकीच्या हाडांना आधार आणि मधली पट्टी पुढून मागपर्यंत रिकामी, अशी बरी. कमोडवर का दुखत नाही त्याचं उत्तरही तेच, वजन हाडांवर आणि मधली जागा मोकळी. पण बसायला मिळालं म्हणून चार तास बसू नका. उशी म्हणजे सवलत, परवाना नाही.

अनुभवी गिनिपिग

उशिरा आलो, पण बसवेना यांच्या वाटेने शेवटपर्यंत गेलेला मीच असेन इथे.

उजवा खुबा, हाडावर उंचवटा, लॅब्रमला चीर. जांघेत दुखायचं आणि बसल्यावर खाली जळायचं. दोन डॉक्टर, दोन वेगळी निदानं. शस्त्रक्रियेआधी एका शहाण्या हाडांच्या डॉक्टरांनी खुब्याच्या सांध्यात भूल दिली, चित्र बघत बघत, आणि सांगितलं : "पुढचे चार तास तुम्हाला जे जे दुखतं ते सगळं करा आणि लिहून ठेवा." जिने चढलो, गाडीत बसलो, मोजे घातले. जांघेतलं दुखणं साफ गेलं. खालची जळजळ निम्मी झाली. निम्मी, हा शब्द लक्षात ठेवा.

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. जांघ बरी झाली. खालची जळजळ? बरोबर निम्मी राहिली. उरलेल्या निम्म्यासाठी पुन्हा स्नायूंवर आठ महिने काम केलं. नस आणि मेंदू इतकी वर्षं ओरडत होते की मूळ कारण गेलं तरी त्यांना लगेच थांबता आलं नाही. शस्त्रक्रिया केली याचा पस्तावा नाही, पण "हे केलं की सगळं जाईल" असं कोणी म्हटलं तर दुसरीकडे जा.

आणखी एक, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पिरिफॉर्मिससाठी जो ताण देतात, उताणं झोपून गुडघा विरुद्ध खांद्याकडे ओढायचा, तो मी वर्षभर करत होतो. नीट बघा : खुबा तपासायची जी चाचणी आहे, जवळपास तीच स्थिती! म्हणजे मी रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या खुब्याला चिमटे काढत होतो आणि जांघ दुखली की म्हणायचो, स्नायू किती आखडलाय बघा, अजून ताणतो.

बसवेना

@गिनिपिग, हे वाचून मी पाच मिनिटं गप्प होते. मी तो ताण १४ महिने करतेय. दिवसातून तीनदा. "नस मोकळी होते" म्हणून.

तळपाय

हे मीही शिकवते, म्हणून लिहिताना जरा लाज वाटतेय. गिनिपिग यांचं निरीक्षण अचूक आहे. ताण कुल्ल्यात मागे जाणवला तर ठीक. *पुढे जांघेत* चिमटा बसला तर तो ताण नव्हे, तिथे थांबायचं. तसंच पाठीवर पडून दोन्ही गुडघे काखेकडे ओढायची किंवा खोल उकिडवं बसायची स्थिती : तळाच्या स्नायूंना छान, अडकणाऱ्या खुब्याला वाईट. एकाचं औषध दुसऱ्याचं दुखणं, म्हणून दोन्ही तपासून मगच व्यायाम. खुबा दुखरा असेल तर तो ९० अंशांच्या आतच दुमडून, कुशीवर झोपून, गुडघ्यांमध्ये उशी घेऊनही तळ सोडायला शिकता येतो.

निवासी

रुग्णालयात काम करतो, एवढंच सांगतो. धागा छान चाललाय, पण एक गोष्ट कोणी लिहिली नाही. मांड्यांच्या आतला आणि बैठकीचा भाग अचानक बधिर पडला, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, पायांत अचानक कमजोरी आली, तर धागा वाचत बसू नका. त्याच दिवशी तातडीच्या विभागात जा. ते कंबरेतल्या मज्जातंतूंच्या गुच्छावर दाब आल्याचं लक्षण असू शकतं आणि तिथे तास मोजतात. रात्री झोपेतून उठवणारं, वाढत जाणारं दुखणं, ताप, वजन उतरणं, रक्त जाणं, हेही "स्नायू आखडला असेल" म्हणून सोडायचं नाही.

शंकासुर

@निवासी, अनुमोदन. हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवा, संपादक.

@गिनिपिग, तुमची ती चार तासांची वही हाच मला या धाग्यातला सगळ्यात चांगला पुरावा वाटतो. एमआरआयपेक्षा चांगला. आधी सांध्यात भूल, मग चर्चा. माझी तक्रार मागे घेतो. सगळी नाही, निम्मी.

रानजाई

निम्मी हा या धाग्याचा आकडाच झालाय 🙂

मनस्वी

माझ्या नवऱ्याला हे आहे, म्हणून सगळं वाचलं. एक प्रश्न, कोणी उत्तर देईल का माहीत नाही. जवळीक. तो टाळतो, मी विचारत नाही, आणि दोघंही ठणठणीत असल्यासारखं वागतो. पुढे काय?

रानजाई

@मनस्वी, व्यनि केलाय. इथे एवढंच लिहिते : दुखेल या भीतीने शरीर आधीच आवळून घेतं आणि मग दुखतंच. आम्हाला ते मोठ्याने बोलल्यानंतर फरक पडला. कोणत्या दिवशी, कोणत्या स्थितीत चालतं आणि नंतर किती दुखतं, हे लाज न बाळगता फिजिओला सांगा. त्यांनी याहून अवघड ऐकलेलं असतं.

बसवेना

अडीच महिन्यांनी आले. कोणी विचारलं नाहीत, तरी सांगते.

पहिली गोष्ट : तो ताण त्याच रात्री बंद केला. तीन आठवड्यांत जांघेतलं दुखणं निम्म्याहून कमी. (हो, निम्मं.) एमआरआयमध्ये लॅब्रमला छोटी चीर आणि उंचवटा निघाला. शंकासुर यांचं वाचलं होतं म्हणून अहवाल हातात आल्यावर रडले नाही.

हाडांच्या डॉक्टरांना मीच म्हटलं, आधी सांध्यात भूल देऊन बघू या का? ते जरा चकित झाले, पण हो म्हणाले. वही घेऊन गेले होते. चार तास. मोजे घालताना काही नाही. गाडीतून उतरताना काही नाही. खुर्चीवर बसले, घड्याळ लावलं. २० मिनिटं, काही नाही. ३५ व्या मिनिटाला जळजळ आली, ओळखीची, पण लांबून हाक मारल्यासारखी. म्हणजे खुबा गुन्हेगारांपैकी एक आहे, एकटा नाही.

शस्त्रक्रिया सध्या नको असं दोघांचं ठरलं. तळपाय यांनी लिहिलं तसं ९० अंशांच्या आतलं काम सुरू आहे. कुशीवर झोपून श्वास, तळ सोडणं, नंतर मागच्या आणि बाजूच्या स्नायूंना हळूहळू ताकद. ऑब्ट्युरेटर इंटर्नसवर फिजिओ बाहेरून दाब देतात, ९० सेकंद धरतात. आधी तो पुढपर्यंत पेटायचा, आता जागेवरच दुखतो. प्रेगाबालिन डॉक्टरांना विचारून निम्म्यावर आणलं, कमी करतानाही टप्प्याटप्प्याने.

वेदनातज्ज्ञांना वही दाखवली. ते म्हणाले, "खुब्याचा संबंध नाही असं मी म्हटलं होतं का?" मी काही बोलले नाही.

खुर्चीतली २० मिनिटं होती त्याची आता ५० झाली आहेत. हा प्रतिसाद बसून लिहिलाय, शेवटचे दोन परिच्छेद सोडून.

आळशी अजगर

आता आयडी बदला.

बसवेना

@अजगर, थांबा, तासाभराची होऊ दे. "बसवेल" घेऊन ठेवलाय.